राणी होण्याआधीचे शिक्षण

सिंडा विल्यम्स चिमा या अमेरिकन लेखिकेच्या ‘सेव्हन रेल्म्स’ या चार भागांच्या कादंबरीमालेतील दुसरा भाग, ‘द एक्झाइल्ड क्वीन’, २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. मुखपृष्ठावर हद्दपार राणी असली, तरी आतली रायसा अजून राणी झालेली नाही आणि तिला कोणी हद्दपारही केलेले नाही. फेल्स या डोंगराळ राज्याची ती वारस आहे आणि आपल्याच आईच्या राजवाड्यातून पळालेली आहे, कारण दरबारातील मुख्य जादूगाराचा मुलगा मायका बायर याच्याशी तिचे लग्न उरकून टाकण्याचा घाट आईनेच, म्हणजे राणी मारियानाने, घातला होता. हे सगळे २००९ च्या पहिल्या भागात, ‘द डीमन किंग’मध्ये, घडून गेले आहे. दुसऱ्या भागात सिंहासन जवळजवळ दिसतच नाही आणि मोठी लढाईही नाही. तरीही चारही भागांत मला हाच अधिक मोलाचा वाटतो, कारण रायसा पुढे ज्या प्रकारची राणी होते, ती इथे घडते, आणि ती घडण्याचे कारण म्हणजे इथे तिला कोणी राजकन्या म्हणून ओळखत नाही.

ते लग्न एवढे गंभीर का, हे समजण्यासाठी फेल्सची रचना थोडी सांगावी लागेल. तिथे गादी आईकडून मुलीकडे जाते. हजार वर्षांपूर्वी एका जादूगाराने राजघराण्यात शिरून जगाचा विध्वंस ओढवला, असे तिथला अधिकृत इतिहास सांगतो, आणि त्यानंतर झालेल्या कराराने जादूगारांना अनेक बाजूंनी जखडून ठेवले आहे. राणीशी लग्न करण्याची त्यांना मनाई आहे. मुख्य जादूगार राणीशी मंत्राने बांधलेला असतो. जादू करायला लागणारे ताईत डोंगरातल्या जमातींचे कारागीर घडवतात, त्यामुळे शक्ती जादूगारांच्या अंगात असली, तरी ती वापरण्याचे साधन त्यांच्या हाडवैऱ्यांच्या हातात राहते. रायसाचे वडील याच जमातींतले व्यापारी आहेत. म्हणजे मायकाशी होणारे लग्न हा केवळ एका मुलीच्या मनाविरुद्धचा संसार नसून, हजार वर्षे कशीबशी टिकलेला तोल एका समारंभात उलथून टाकण्याचा डाव आहे. किशोरांसाठी लिहिलेल्या कल्पित कथांत जादू पुष्कळ असते, पण ती कोणाच्या ताब्यात असावी यावर इतका विचार केलेला मी फारसा वाचलेला नाही.

पळालेली रायसा लहानपणचा मित्र ॲमन बर्न याच्या लष्करी तुकडीत सामील होऊन, रेबेका मॉर्ली हे खोटे नाव घेऊन दक्षिणेकडे निघते. वाटेत दलदलीचा प्रदेश लागतो आणि तिथल्या लोकांशी तिची गाठ पडते. हा प्रसंग अनेक वाचक भराभर उलटून जातात, पण मला तो पुस्तकातला कळीचा प्रसंग वाटतो. फेल्सच्या राजधानीतून वाहणारी नदी शहराची सगळी घाण घेऊन खाली येते आणि दलदलीतल्या लोकांचे पाणी नासवते. राजवाड्यात वाढलेल्या मुलीने ही नदी आजवर वरच्या बाजूनेच पाहिलेली असते. आपल्या घराण्याच्या दुर्लक्षाची किंमत कोण मोजते, हे तिला एखाद्या मंत्र्याच्या अहवालातून कळत नाही. ज्यांचे पाणी बिघडले, ते समोर उभे राहून सांगतात.

पुढे ओडन्स फोर्ड येते. दोन राज्यांच्या सीमेवर वसलेले हे विद्यापीठ कोणाचीच बाजू घेत नाही. बाहेर, त्यांपैकी आर्डन या राज्यात, भाऊ भावाशी गादीसाठी लढत असताना, विद्यापीठाच्या हद्दीत शत्रूंच्या मुलांनाही शेजारी बसून शिकावे लागते. रायसा लष्करी शाळेत दाखल होते. तिथे तिला हुकूम द्यायचे नसतात, पाळायचे असतात, आणि हुकूम देणाऱ्यांत ॲमनही असतो, ज्याच्या घराण्याने पिढ्यानपिढ्या तिच्या घराण्याचे रक्षण केले आहे. आपल्याला अशा वेळी विराटाच्या राजवाड्यातली सैरंध्री आठवणे साहजिक आहे. मात्र द्रौपदीला तिथे ओळख लपवून काळ काढायचा असतो, आणि अपमान होतो तो सूडाच्या हिशेबात जमा होतो. रायसाला या काळात शिकायचे असते. खोट्या नावाचा तिला जाच होत नाही. उलट आपण वारस नसतो तर काय झालो असतो, याची चव तिला पहिल्यांदाच मिळते आणि ती तिला आवडते. ही आवडच पुढे तिच्या आड येते, कारण घरी गेल्यावर हे सगळे सोडावे लागणार, हे ती एक क्षणही विसरू शकत नाही.

याच विद्यापीठात हान ॲलिस्टर येतो. राजधानीच्या गलिच्छ वस्तीत टोळी चालवलेला हा मुलगा जादूगार असल्याचे पहिल्या भागाच्या शेवटी उघड झाले आहे. लहानपणापासून मनगटांत घट्ट बसवलेल्या चांदीच्या कड्यांनी त्याची शक्ती दाबून ठेवलेली होती. आई आणि धाकटी बहीण आगीत गेल्यावर त्याने जमातींशी सौदा केला आहे. शिक्षणाचा खर्च त्यांनी करायचा आणि त्याने पुढे जादूगारांच्या मंडळाविरुद्ध त्यांच्यासाठी लढायचे. वरच्या वर्गात वावरायचे तर वागणे-बोलणे सुधारले पाहिजे, म्हणून तो रेबेकाकडे शिकवणी लावतो. कसे बसावे, कसे बोलावे, कोणापुढे किती झुकावे, हे तो जिच्याकडून शिकतो, तिच्याच घराण्याला तो आपल्या आईच्या आणि बहिणीच्या मृत्यूसाठी जबाबदार धरतो, आणि हे त्याला ठाऊक नाही. तिला मात्र स्वतःचे खरे नाव ठाऊक आहे. प्रेम फुलते ते या एकतर्फी अंधारात, त्यामुळे त्यातले गोड प्रसंगही वाचताना अवघडल्यासारखे होते. माझी भाची या मालेची माझ्याहून मोठी भक्त आहे आणि तिच्या मते ही हानची कथा आहे. तिचे म्हणणे मला पटत नाही, पण शिकवणीच्या प्रकरणांत तो रायसाला झाकोळून टाकतो, हे मान्य करावे लागते.

ॲमनची बाजू लेखिकेने थोडक्यात आणि चांगली हाताळली आहे. राणीच्या रक्षकप्रमुखाला तिच्याशी बांधणारा मंत्र त्या दोघांना प्रेमात जवळ येऊ देत नाही. ती जवळ आली की त्याला यातना होतात. प्रेमाचा त्रिकोण ताणत ठेवण्याऐवजी त्याचा एक कोन असा कायमचा मिटवला, हे बरे झाले.

दोष आहेत, आणि ते लहान नाहीत. हान आणि रायसा यांची ओडन्स फोर्डमध्ये भेट व्हायला पुस्तकाचा बराच मोठा भाग खर्ची पडतो, आणि तोवर दोन स्वतंत्र कादंबऱ्यांची प्रकरणे आलटून पालटून छापल्यासारखे वाटते. स्वप्नासारख्या जगात हानला गुपचूप जादू शिकवणारा क्रो वेधक असला, तरी त्याचे धडे लांबतात. मायका आणि त्याची जुळी बहीण फिओना यांना लेखिका जेव्हा केवळ दुष्टपणाच्या कामाला लावते, तेव्हा ती दोघे पातळ होतात. मायकाचे रायसावरचे आकर्षण खरे असावे, अशी शंका मधूनमधून येते आणि तेवढ्यापुरता तो जिवंत होतो.

शेवटाबद्दल माझी तक्रार सर्वांत मोठी आहे. आई आपल्याला डावलून धाकट्या बहिणीला, मेलनीला, वारस करण्याच्या विचारात आहे, हे कळल्यावर रायसा परत जायचे ठरवते. एवढ्या शिक्षणानंतरचा हा तिचा पहिला मोठा निर्णय असतो, आणि तो तिने स्वतःच्या पायांनी पार पाडलेला पाहायला वाचक उत्सुक असतो. तेवढ्यात मायका तिला उचलून नेतो. जी मुलगी सबंध पुस्तकभर स्वतःचे निर्णय घ्यायला शिकली, तिच्या हातून कथेची सूत्रे शेवटी काढून घेतली जातात. २०११ चा तिसरा भाग, ‘द ग्रे वुल्फ थ्रोन’, ती सूत्रे पुन्हा तिच्या हाती देतो, म्हणून दुसरा भाग वाचायला घेताना तिसरा आधीच घरात आणून ठेवावा.