आमची वाटचाल : ऑगस्टवर उभं राहिलेलं मोटेल

मोटेल घ्यायचं ठरलं तेव्हा आम्ही सल्ला विचारायला गेलो ते सुरतेच्या एका काकांकडे. अमेरिकेत, ओहायोतल्या डेटनच्या उत्तरेला त्यांची दोन मोटेलं होती. माझ्या नवऱ्याने वही उघडून खर्च, हप्ते, रिकाम्या खोल्यांची सरासरी असं एकेक विचारायला सुरुवात केली. काकांनी ती वही हातानेच मिटली आणि म्हणाले, "ऑगस्ट साचवो. बाकीना अगियार महिना भगवान साचवशे."

ऑगस्ट सांभाळा, बाकीचे अकरा महिने देव सांभाळेल. गुजराती कळलं, अर्थ कळला नाही. तो कळायला पहिला ऑगस्ट यावा लागला.

आम्ही मूळचे सांगलीचे. नवरा टूल अँड डायमधला, म्हणजे कारखान्यातली हत्यारं आणि साचे बनवणारा माणूस. १९८३ मध्ये ओहायोत आलो ते डेटनच्या एका वर्कशॉपमधल्या नोकरीवर. १९९० मध्ये ते वर्कशॉप बंद पडलं. दोन मुलं, घराचं कर्ज आणि परत जायला तोंड नाही, असा तो काळ. १९९१ च्या वसंतात साठवलेलं सगळं आणि भावाकडून घेतलेलं थोडं घालून व्हँडेलियात २६ खोल्यांचं जुनं मोटेल घेतलं. गाव लहान, पण आय-७० आणि आय-७५ हे दोन मोठे रस्ते इथेच एकमेकांना छेदतात आणि विमानतळ हाकेच्या अंतरावर. एवढ्यावर धंदा चालेल असा आमचा हिशेब होता. मे आणि जूनमध्ये निम्म्या खोल्या रिकाम्या राहिल्या तेव्हा रात्री झोप लागेना.

जुलैच्या शेवटी फोन सुरू झाले. सगळ्यांचं एकच वाक्य, "ग्रँडसाठी नेहमीची खोली." नेहमीची म्हणजे कुठली? आधीच्या मालकाने जाताना एक लाल पुठ्ठ्याची वही दिली होती, ती मी रद्दीत टाकायला काढून ठेवली होती. उघडून पाहिली तर प्रत्येक ऑगस्टमध्ये त्याच नावापुढे तोच खोली क्रमांक. काहींची नोंद वीस-वीस वर्षांची.

ग्रँड म्हणजे ग्रँड अमेरिकन, ट्रॅपशूटिंगची, म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्या बंदुकीने फोडायच्या खेळाची अमेरिकेतली सगळ्यात मोठी स्पर्धा. १९२४ पासून तिचं कायमचं घर तेव्हा आमचं हे गाव. ट्रॅपशूटर लोकांची राष्ट्रीय संघटनाही तेव्हा इथलीच. नॅशनल रोडवरून विमानतळाकडे जाताना उजव्या-डाव्या हाताला काय आहे ते कळायच्या आधी आवाज कळायचा. दीडएक मैल लांब ओळीत शंभराच्या आसपास ट्रॅप, म्हणजे चकत्या उडवणारी यंत्रं, आणि ऑगस्टमध्ये दहा दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत फट्-फट्-फट्. शेजारच्या धावपट्टीवरून विमान उठलं तरच तो आवाज बुडायचा.

पहिल्या दिवशी पहिला पाहुणा गाडीतून उतरला तो लांबलचक पेटी घेऊन. सतार असावी असं वाटावं अशी. बंदूक! मी काउंटरमागे उभी, हातात किल्ली, आणि मनात एकच, की मुलांना वरच्या मजल्यावर पाठवावं का. आमच्याकडे खोल्या आवरायला केंटकीची एक बाई होती. ती म्हणाली, "हनी, हे जगातले सगळ्यात सभ्य बंदूकवाले. रात्री नऊला झोपतात." खरंच झोपायचे. दारू पिऊन दंगा हा प्रकार त्या दहा दिवसांत मी एकदाही पाहिला नाही. वर्षाच्या बाकीच्या दिवसांबद्दल असं म्हणता येणार नाही.

त्रास वेगळाच निघाला, तो टॉवेलांचा. ही मंडळी संध्याकाळी खोलीत बसून बंदुका पुसायची, आणि पुसायला हाताशी काय, तर आमचे पांढरे टॉवेल. बंदुकीच्या दारूचं काजळ आणि बंदुकीचं तेल एकत्र झालं की तो डाग कशानेही जात नाही. ब्लीच, उकळतं पाणी, सोडा, सगळं करून झालं. पहिल्या ऑगस्टमध्ये चाळीसच्या वर टॉवेल फेकावे लागले, आणि तेव्हा आम्हाला एकेक टॉवेल महाग होता.

पुढच्या हिवाळ्यात सांगलीला गेले तेव्हा आई माळ्यावरच्या जुन्या सुती साड्या बोहारणीला द्यायला काढत होती. धुऊन धुऊन सायीसारख्या मऊ झालेल्या. मी म्हटलं, देऊ नकोस. एक अख्खी बॅग भरून आणल्या. वीतभर लांबीरुंदीचे तुकडे फाडले आणि ऑगस्टमध्ये प्रत्येक खोलीत एका छोट्या बादलीत दहा-दहा ठेवले, वर चिठ्ठी : 'हे बंदुकीसाठी, टॉवेल तुमच्यासाठी.' त्या वर्षी तीन टॉवेल खराब झाले. तिसऱ्या वर्षी लोक खोलीत शिरायच्या आधी विचारायला लागले, ते इंडियन कापड आहे ना? आईच्या, मावशीच्या, शेजारच्या काकूंच्या नऊवारीने ओहायोत किती बंदुका लखलखल्या त्याचा हिशेब नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, काठ तेवढे फाडू नकोस गं.

या खेळाचं शहाणपण मला आलं ते चौदा नंबरच्या खोलीतल्या आजोबांकडून. ते डार्क काउंटीचे शेतकरी, म्हणजे इथून तासाभराच्या आत घर, तरी दहाही दिवस मुक्कामाला यायचे. संध्याकाळी दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचे. मी विचारलं, जेमतेम सव्वाचार इंचांची ती चकती, तिला 'क्ले पिजन', म्हणजे मातीचं कबूतर, का म्हणता? त्यावर त्यांनी जे सांगायला सुरुवात केली ते पुढे बारा-तेरा ऑगस्ट पुरलं.

पूर्वी खरीच कबुतरं असायची. पेटीत कोंडायची, दोरी ओढली की झाकण उघडायचं, पक्षी उडाला की बार. ती पेटी म्हणजे 'ट्रॅप', आणि नेमबाज आजही 'पुल' असं ओरडतो ते त्या दोरीसाठी. अमेरिकेतली या खेळाची सगळ्यात जुनी नोंद सांगतात ती आमच्याच राज्यातली, सिनसिनाटीच्या एका क्लबची, १८३१ सालची. आकाश काळं करणारे पॅसेंजर पिजन या रानकबुतरांचे थवे तेव्हा ओहायोवरून जायचे. हे पक्षी हजारोंनी पकडून स्पर्धांना पुरवले जात. मग पक्षी कमी झाले, लोकांना ते क्रूरही वाटू लागलं, तेव्हा काचेचे गोळे आले. मैदानभर काचा. शेवटी सिनसिनाटीच्याच जॉर्ज लिगोव्स्कीने १८८० मध्ये मातीच्या चकतीचं पेटंट घेतलं. पाण्यावर भाकऱ्या मारणारी पोरं पाहून त्याला ते सुचलं, असं सांगतात. त्याच्या पहिल्या चकत्या इतक्या कडक भाजलेल्या असत की छर्रा लागला तरी फुटायच्या नाहीत, घंटेसारख्या वाजायच्या. नंतर डांबर आणि चुनखडीच्या भुकटीच्या ठिसूळ चकत्या निघाल्या. 'क्ले' हे नाव राहिलं, माती गेली.

आणि जगातली शेवटची पॅसेंजर पिजन, मार्था तिचं नाव, तीसुद्धा सिनसिनाटीच्याच प्राणिसंग्रहालयात १ सप्टेंबर १९१४ ला मेली. हे सांगून आजोबा बराच वेळ गप्प बसले होते.

त्यांचा खरा अभिमान मात्र ॲनी ओकली. ती त्यांच्याच काउंटीची, १८६० चा जन्म. लहानपणी शिकार विकून आईचं कर्ज फेडलं म्हणतात. पुढे सर्कशीसारख्या खेळांतून जगभर नेम दाखवत फिरली आणि १९२६ मध्ये ग्रीनव्हिलला, म्हणजे परत आपल्याच मुलुखात येऊन वारली. आजोबांच्या बोलण्यात ती अशी यायची की जणू काल दळण घेऊन गेली.

एकदा त्यांनी मला विचारलं, "तुमच्या त्या महाराजांचं काय?" कोण महाराज? करणी सिंग! बिकानेरचे. १९६२ च्या कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये रौप्य, पाच ऑलिम्पिक. डार्क काउंटीच्या शेतकऱ्याला ठाऊक आणि मला नाही. मी हो हो म्हणून आत आले आणि नवऱ्याला विचारलं. त्यालाही नाही.

मुलांनीही ग्रँडचा पैसा कमावलाच. गावातली शाळेची पोरं त्या दहा दिवसांत मैदानावर कामाला जायची. धाकटा ट्रॅपहाउसमध्ये चकत्या भरायला. जमिनीलगतच्या त्या बुटक्या खोलीत यंत्राला खोकेच्या खोके चारायचे. संध्याकाळी घरी यायचा तो कोळशाच्या खाणीतून आल्यासारखा. थोरली गुण लिहायला. त्यात एक मजा आहे. चकती फुटली तर गुणलेखकाने काही बोलायचं नाही, चुकली तरच मोठ्याने 'लॉस्ट!' पंचवीस चकत्या, पाच जागा, प्रत्येकीवरून पाच. फुटणाऱ्याला शांतता मिळते, चुकणाऱ्याला आरोळी. आमच्या घरात ते इतकं रुजलं की बाबांची पोळी करपली की दोन्ही मुलं एकदम 'लॉस्ट!' आजही.

नवऱ्याला आवडला तो हँडिकॅपचा नियम. साध्या प्रकारात सगळे १६ यार्डांवरून मारतात. हँडिकॅपमध्ये जिंकलात की तुम्हाला मागे सरकवतात, पार २७ यार्डांपर्यंत. तो म्हणायचा, बघ, इथे जिंकलेल्याला मागे नेतात. धंद्यात जरा जिंकलं की बँक पुढे सरकते.

म्हणायचा, आणि तरीही तो बँकेत गेला. मीही बरोबर होते, सही माझीही आहे.

१९९९ मध्ये शंभरावं ग्रँड झालं. त्या ऑगस्टमध्ये आम्ही आमची झोपायची खोलीसुद्धा भाड्याने दिली आणि ऑफिसात गादी टाकून झोपलो. डोक्यात हवा गेली. २००० मध्ये कर्ज काढून मागच्या अंगाला बारा खोल्या बांधल्या. गावात कुजबुज होतीच, की विमानतळाला वाढायला जागा हवी आहे, ग्रँडला जावं लागणार. सुरतेच्या काकांनी स्पष्ट सांगितलं होतं, हमणा नहीं, आत्ता नको. आम्ही म्हटलं, १९२४ पासूनचं कोण हलवतंय? पंढरपूरची वारी दुसरीकडे नेतात का? ही आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी चूक, आणि तिच्यासाठी दोष द्यायला आमच्याशिवाय कुणी नाही.

२००४ चा ऑगस्ट आठवतो तो राज्यवर्धन राठोड यांच्यामुळे. अथेन्सला डबल ट्रॅपमध्ये रौप्य. स्वतंत्र भारताचं पहिलंच वैयक्तिक ऑलिम्पिक रौप्य. सकाळी कॉफीच्या टेबलापाशी टोप्या घातलेले सात-आठ जण माझा हात हातात घेऊन अभिनंदन करत होते, जणू मीच मारून आले. पण तोवर बातमी पक्की झाली होती. इलिनॉयमध्ये स्पार्टाजवळ जुन्या कोळसाखाणींच्या जमिनीवर नवं मैदान होत होतं.

२००५ चं ग्रँड व्हँडेलियातलं शेवटचं. आमच्याकडे पद्धत अशी, की निघताना पाहुणा काउंटरवर यायचा, लाल वहीत पुढच्या वर्षीच्या पानावर स्वतःच्या हाताने नाव लिहायचा. त्या वर्षी मी सवयीने वही पुढे केली. मिसूरीच्या एका बाईंनी पेन उचललं, आणि परत ठेवलं. बादलीतले कापडाचे तुकडे मात्र त्या दिवशी झाडून सगळे गेले. विचारून नेले, न विचारता नेले. चौदा नंबरवाले आजोबा त्याआधीच्या वर्षीच गेले होते, ते एक बरं झालं.

२००६ चा ऑगस्ट. ३८ खोल्या, ९ गाड्या.

२००७ मध्ये आम्ही सहा तास गाडी हाकून स्पार्टाला गेलो, तिकडे एखादं मोटेल मिळतं का पाहायला. मैदान पाहून नवरा थक्क झाला. १२० ट्रॅप, साडेतीन मैलांची ओळ, व्हँडेलिया त्यापुढे अंगण. ओळखीचे दोघे-तिघे भेटले, मिठ्या मारल्या. पण मी बघत होते त्या कॅम्पर गाड्या. आवारातच हजाराच्या वर जागा, वीजपाण्यासकट. माणसं मैदानातच राहतात, मोटेलात कोण येणार? संध्याकाळी परत फिरलो. ते एक पाऊल आम्ही बरोबर टाकलं.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, काढण्यासारखी होती. २००८ ची मंदी, त्याच डिसेंबरात मोरेनचा जनरल मोटर्सचा कारखाना बंद, पाठोपाठ एनसीआर या डेटनच्या जुन्या कंपनीचं मुख्यालय जॉर्जियाला. डेटनला कामासाठी येणारा माणूसच कमी झाला. मागच्या बारा खोल्यांत लहान ओटे बसवून आम्ही त्या आठवड्याच्या भाड्याने द्यायला लागलो. रस्त्याची कामं करणारे, वेल्डर, घटस्फोटाच्या वाटेवरचे नवरे. ज्या खोल्यांनी आम्हाला बुडवलं असतं त्यांनीच हप्ते भरले. २०१९ च्या मे महिन्यात चक्रीवादळांनी डेटनच्या उत्तरेकडची घरं उडवली, तेव्हा तीन आठवडे एकही खोली रिकामी नव्हती. छप्पर गेलेली कुटुंबं आणि वीजतारा जोडणारे लाइनमन. तो पैसा घेताना हात जड झाला. भाडं निम्मं केलं, जास्त काही करता आलं नाही.

ओहायोतला खेळ काही संपलेला नाही. राज्याची स्पर्धा आता मरेंगोला होते, पोरंपोरी नव्याने शिकतात असं ऐकते. आमच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही.

आता मोटेल थोरली बघते. तिने गालिचे काढून सगळीकडे धुता येईल अशी जमीन बसवली. चौदामधला गालिचा उचलला तेव्हा कडेच्या पट्टीखालून मूठभर शिशाचे छर्रे निघाले, मोहरीएवढे. तिने व्हॅक्यूमने ओढून घेतले. आवाज अगदी ओळखीचा आला, नळीतून खडखड.

आणि आम्ही दोघं. १९९१ पासून पंधरा वर्षं घरचं एकही ऑगस्टमधलं कार्य आम्ही पाहिलं नाही. धाकट्या दिराचा साखरपुडा, मावशीचं सहस्रचंद्रदर्शन, आणि गणपती लवकर आले त्या वर्षांतले सगळे गणपती. सांगलीत सगळ्यांना पाठ झालं होतं, यांना ऑगस्टमध्ये विचारू नका. अजूनही पुतण्या फोनवर आधी विचारतो, "काकू, यंदा ग्रँड कधी आहे?" मी त्याला तिकिटाची तारीख सांगते.