ओंडका नेमका कुणी फेकला? लॉरेन्सची सापाची कविता गोव्यातून वाचताना

इंग्रज कवी डी. एच. लॉरेन्सच्या ‘स्नेक’ या कवितेवरचं परीक्षेतलं ठरलेलं उत्तर असं असतं: कवीची सहजप्रेरणा सापाला मान देते, त्याचं शिक्षण मारायला सांगतं, अखेर शिक्षण जिंकतं आणि कवी पस्तावतो. एवढ्यावर गुण मिळून जातात. पण कविता ओळीओळीने वाचत गेलं की हे उत्तर दोन ठिकाणी फुटतं. ज्याला आपण कवीची सहजप्रेरणा म्हणतो, त्यातलं बरंचसं त्याने शिकलेलंच आहे. आणि ज्या कृतीचं खापर तो शिक्षणावर फोडतो, ती घडते त्या क्षणी शिक्षण काहीच बोलत नसतं. गोव्याच्या वाचकाला हे चटकन कळायला हवं, कारण सापाशी वागण्याचे दोन उलटसुलट धडे आपण लहानपणापासून एकाच घरात गिरवत आलेले असतो.

लॉरेन्स १९२० ते १९२२ या काळात सिसिलीतल्या ताओर्मिना गावी राहत होता. कविता तिथली आहे आणि १९२३ साली त्याच्या संग्रहात आली. जुलैची कडक दुपार, अंगावर उकाड्यामुळे नुसता पायजमा, हातात पाण्याची घागर. तो पाण्याच्या दोणीवर जातो तर तिथे आधीच साप पाणी पीत असतो. कवी थांबतो. आतले आवाज मारायला सांगतात, तो मारत नाही. साप पोटभर पिऊन भिंतीतल्या भेगेत परत शिरू लागतो, तेव्हा कवी घागर खाली ठेवून एक बेढब ओंडका उचलतो आणि फेकतो. नेम लागत नाही. बाहेर राहिलेलं शरीर घाईघाईने वळवळत आत जातं, आणि कवीला स्वतःची किळस येते.

आपल्याकडे एक घोटाळा हमखास होतो. जुलै म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धो धो पाऊस, भरलेले पाट आणि हिरवंगार कुळागर येतं. सिसिलीत जुलै म्हणजे उन्हाळ्याचा कोरडाठाक महिना. जमीन तापलेली, एटना ज्वालामुखी धुमसतोय, पाणी फक्त दोणीत. म्हणून तिथे साप पाण्याकडे येतो. आपल्याकडे जुलैत नेमकं उलटं असतं: बिळात पाणी शिरतं म्हणून साप बाहेर पडतो आणि कोरडी जागा शोधत चिऱ्यांच्या भिंतीत, लाकडांच्या राशीत, न्हाणीघरात येतो. ही कविता आपल्या ऋतूत बसवायची असेल तर एप्रिल-मे धरावा. सापाची तहान खरी वाटली नाही तर कवीच्या मनातलं पाहुणा आल्याचं भानही पोकळ वाटतं.

वाचताना पेन्सिल घ्या आणि समासात तीन खुणा करा. साप काय करतो तिथे एक, माणूस काय करतो तिथे दुसरी, माणसाच्या आतले आवाज काय बोलतात तिथे तिसरी. पहिल्या खुणांच्या ओळी वेगळ्या काढल्या तर उरतं एवढंच: येतो, पितो, डोकं वर करतो, जीभ लपलपवतो, पुन्हा पितो, निघतो, दचकून पळतो. बाकी सगळं माणसाचं. गुराढोरांसारखं डोकं वर करणं, देवासारखं न बघता बघणं, ओठ चाटल्यासारखं करणं, हे सारं कवीने घातलेलं आहे. साप ओठ चाटत नाही. तो जिभेवर हवेतले गंधकण गोळा करून टाळूतल्या गंधेंद्रियाकडे पोचवत असतो. वास घेण्याची त्याची ती रीत. समोर मोठं, हालणारं काहीतरी आहे हे त्याला कळत असावं, पण पाहुणचार, अपमान, राजेपद यांतलं काही त्याच्याकडे नाही.

आता दुसरी खूण, माणसाची. त्याची पहिली कृती म्हणजे थांबणं. माझ्या आधी कुणीतरी आलंय, मी नंतरचा, मी वाट बघायची. ही सहजप्रेरणा नव्हे, हे वळण आहे. पाण्यावर आधी आलेल्याला आधी भरू द्यायचं, हे माणूस विहिरीवर आणि नळावर शिकतो. पुढे त्याला वाटतं की साप आपला पाहुणा आहे, त्याने आपल्या दारी पाणी मागितलं हा आपला मान आहे. पाहुणचार हाही शिकलेला. देव, परागंदा राजा, पाताळात मुकुटाविना राहणारा सम्राट, या कल्पना पुस्तकांतून, पुराणांतून, देवळांतून येतात. आणि पस्तावल्यावर त्याला आठवतो तो अल्बट्रॉस! हा पक्षी थेट कोलरिजच्या १७९८ सालच्या, अल्बट्रॉसला मारून पस्तावणाऱ्या खलाशाच्या कवितेतून आला आहे. म्हणजे शिक्षणाला शिव्या देताना सुद्धा कवी वाचनातून मिळालेलीच खूण वापरतो. त्याच्या आत शिक्षणाचे निदान तीन-चार आवाज आहेत. ‘शिक्षण’ हे नाव मात्र तो त्यांतल्या एकालाच देतो, मारायला सांगणाऱ्याला. मला ही कवितेची खरी गंमत वाटते आणि तिची खोलीही.

तिसऱ्या खुणेच्या ओळींत आवाजही एकसारखे नाहीत. पहिला आवाज माहिती देतो: सिसिलीत काळे साप निरुपद्रवी, सोनेरी विषारी, म्हणून हा मेला पाहिजे. नंतरचे आवाज माहिती देत नाहीत, ते डिवचतात: पुरुष असतास तर काठी घेतली असतीस, भीत नसतास तर मारलं असतंस. पहिल्यावर निदान पुरावा मागता येतो. डिवचणाऱ्या आवाजाला पुरावा लागतच नाही. आपल्याकडे घरात जनावर निघालं की हेच दोन आवाज याच क्रमाने उठतात: आधी कुणीतरी ‘विषारी आहे’ म्हणतं, मग कुणीतरी घरातल्या पुरुषांची लाज काढतं.

पहिल्या आवाजाची माहिती तरी बरोबर आहे का? अर्धीच. सिसिलीतला काळा ‘बियाको’ खरोखर बिनविषारी आहे. पण तिथे विषारी साप एकच, आखूड आणि जाडसर अंगाचा व्हायपर. तिथेच पिवळसर तपकिरी रंगाचा, लांब, बिनविषारी सापही सापडतो. कवितेतल्या वर्णनावरून जात ठरवता येत नाही, म्हणजे ज्या रंगावरून सापाला फाशी सुनावली त्या रंगाने काहीच सिद्ध होत नाही. रंगाचा नियम आपल्याकडेही असाच कोसळतो. सह्याद्रीतला मलबारी चापडा एकाच जातीत हिरवा, पिवळा, तपकिरी, नारिंगी अशा अनेक रंगांत येतो. हरणटोळही हिरवाच, आणि त्याचं सौम्य विष माणसाला सहसा धोक्याचं नसतं. सगळ्यात जास्त घात होतो तो मण्यार आणि कवड्या यांच्यात. मण्यारीचे बारीक पांढरे पट्टे बहुधा जोडीने असतात, मानेकडे अस्पष्ट आणि शेपटीकडे ठळक. पाठीच्या मधली खवल्यांची रांग मोठ्या षटकोनी खवल्यांची असते. बिनविषारी कवड्याचे पट्टे मानेपासूनच ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. घाबरलेला माणूस टॉर्चच्या उजेडात हे बघत बसत नाही. म्हणून पट्टे दिसले की अंतर ठेवायचं, ओळख पटवायला जवळ जायचं नाही.

मग उपजत असं माणसात काय आहे? यावर प्रयोग झाले आहेत आणि ते कवितेला चांगलेच लागू पडतात. १९८०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ सुसान मिनेका आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत वाढलेल्या ऱ्हीसस माकडांना साप दाखवले. ती माकडं घाबरली नाहीत. रानात वाढलेलं माकड सापाला घाबरताना त्यांनी बघितलं, तेव्हा मात्र ती झटकन घाबरायला शिकली. चित्रफितीत तीच घाबरट माकडं फुलाला भिताना दाखवली तेव्हा बघणारी माकडं फुलाला भ्यायला शिकली नाहीत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या बाळांना सापाची आणि माशाची चित्रं दाखवली, तर सापाच्या चित्रावर बाळांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या जास्त विस्फारल्या. यावरून तीन थर वेगळे करता येतात. साप चटकन नजरेत भरणं आणि शरीर सावध होणं हे बरंचसं उपजत. त्याची भीती शिकायची तयारीही उपजत, पण भीती पक्की होते ती दुसऱ्याला बघून. आणि काठी उचलणं पूर्णपणे शिकलेलं.

हे तीन थर हाताशी ठेवून ओंडक्याकडे या. साप दोणीवर आहे, तोंड कवीकडे आहे, अंतर कमी आहे, म्हणजे धोका सगळ्यात जास्त आहे. आवाज तेव्हाच ओरडतात आणि कवी हलतही नाही. भीती वाटते हे तो कबूल करतो, तरीही मान त्याहून मोठा ठरतो. ओंडका फेकला जातो तो साप पाठ फिरवून निघाल्यावर, म्हणजे धोका संपत आल्यावर. त्या ओळींच्या जवळपास एकही आवाज नाही. तिथे कवी सांगतो ते वेगळंच: त्या काळ्या भोकात मुद्दाम शिरणाऱ्या सापाला बघून एक प्रकारची भीषण शिसारी, त्याच्या निघून जाण्याविरुद्ध एक निषेध. मग तो म्हणतो की मी माझ्या शापित मानवी शिक्षणाचा तिरस्कार केला. माझ्या मते हा आरोप चुकीच्या पत्त्यावर गेला आहे. हात उचलला तो पाठ फिरलेली बघून, आणि नजरेआड होणारी गोष्ट सहन होईना म्हणून. शिकवणीने फार तर ओंडका हाताशी ठेवला होता. परीक्षेच्या उत्तरात हे लिहायचं असेल तर क्रम पुराव्यासह लिहा: आवाज कुठे थांबले, पाठ कधी फिरली, घागर कधी खाली ठेवली. घागर खाली ठेवणं हे सर्वांत कमी लक्षात येतं आणि तेच महत्त्वाचं आहे. दोन्ही हात मोकळे करायला वेळ लागतो. हा निव्वळ झटका असता तर घागर हातातून पडली असती.

सापाला सगळ्यात जास्त मार बसतो तो असाच, चिऱ्याच्या भिंतीतल्या फटीत किंवा लाकडाखाली शिरताना. ‘आत गेला तर परत येईल’ हे कारण. समोर दिसणाऱ्या सापापेक्षा न दिसणारा साप माणसाला जास्त छळतो. मग फटीत रॉकेल, फिनेल ओततात, धूर करतात. परिणाम असा की बिथरलेला साप कुठल्या तरी तिसऱ्याच फटीतून बाहेर येतो. योग्य रीत साधी आहे: दोन-अडीच मीटर लांब उभं राहायचं, मुलं आणि कुत्रं आत न्यायचं, एका माणसाने नजर न हलवता साप कुठे शिरला ते बघत राहायचं आणि वन खात्याला किंवा प्रशिक्षित सर्पमित्राला बोलवायचं. फटीत हात नाही, काठी नाही, मोबाईल धरून जवळ जाणं तर नाहीच. दंश झालाच तर १०८, आवळपट्टी नाही, चिरा नाही, आणि थेट प्रतिविष असलेलं सरकारी रुग्णालय.

भोकाविषयीच्या त्या शिसारीपाशी गोव्याचा वाचक लॉरेन्सपासून वेगळा होतो. आपल्याकडे वारूळ म्हणजे रोयण, आणि रोयण म्हणजे सातेरी. गावोगावच्या देवळांत वारुळाच्या रूपात तिची पूजा होते. जमिनीतून वर आलेली ती माती देवीचं शरीर मानली जाते आणि तिच्यातल्या पोकळीत नाग राहतो हे गृहीतच असतं. नागपंचमीला घरोघरी नाग पुजला जातो, हळदीच्या पानात पातोळ्या वाफवल्या जातात, त्या दिवशी जमीन खणत नाहीत. म्हणजे लॉरेन्सला जे भोक भेसूर वाटलं त्याच्यापुढे आपण हात जोडायला शिकलो. आणि तेच हात दुसऱ्या दिवशी परसात धामण दिसली तर कोयत्याकडे जातात, जरी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने धामणीला संरक्षण आहे आणि ती शेतातले उंदीर खाते. दोन्ही शिकलेलंच. त्यामुळे ‘सहजप्रेरणा चांगली, शिक्षण वाईट’ ही वाटणी आपल्याला तर मुळीच लावता येत नाही. आपल्याला विचारायचा प्रश्न असा की दोन शिकवणींपैकी कुठली कधी जागी होते. नाग देवळात असला की एक, न्हाणीघरात असला की दुसरी.

या कवितेच्या वाटेने मराठीत स्वतःची कविता लिहू बघणाऱ्यांसाठी एक सूचना. प्राणी भेटल्याच्या कवितेत बहुतेकांची ओळ दुसऱ्या-तिसऱ्या कडव्यातच बिघडते, कारण प्राणी लगेच कशाचं तरी प्रतीक होतो. आधी आठ-दहा ओळी फक्त त्याच्या हालचालींच्या लिहा. ‘जणू’, ‘जसा’, ‘सारखा’ बंद. नाग असेल तर फणा किती वेळ उभा राहिला, डोकं कुठे वळलं. अंड्यातून नुकतंच बाहेर पडलेलं नागाचं पिल्लूही फणा काढतं, त्याला कुणी शिकवलेलं नसतं, एवढं ठाऊक असलं तरी ‘रागावला’ हे क्रियापद आपोआप गळतं. मग तुमच्या स्वतःच्या हालचाली, क्रमाने आणि वेळेसकट. आवाज सगळ्यात शेवटी घाला, आणि प्रत्येक आवाज कुणाचा ते स्वतःला विचारा: आजीचा, शेजाऱ्याचा, पाठ्यपुस्तकाचा, देवळाचा. ज्या आवाजाला मालक सापडणार नाही, तोच कदाचित उपजत असेल, आणि तशी ओळ सगळ्या कवितेत एखादीच निघते.