‘गवंडी’ की ‘मिस्त्री’? वडिलांच्या नोंदणीचा अनुभव

माझे वडील ३५ वर्षे गवंडीकाम करत आहेत. तरीही बांधकाम कामगार म्हणून त्यांची नोंदणी करताना सर्वाधिक वेळ गेला तो ते गवंडीच आहेत हे कागदावर पटवून देण्यात. आधार, पासबुक आणि छायाचित्र एका दुपारीच जमले.

अडले ते दाखल्यापाशी. मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचे प्रमाणपत्र लागते, आणि आमच्या भागात गवंड्याला एकाच ठिकाणी सलग तीन महिने काम क्वचितच मिळते. कुठे वीस दिवस विटांचे बांधकाम, कुठे आठवडाभर गिलावा. अखेर दोन ठेकेदारांकडून ५२ आणि ४१ दिवसांचे दाखले मिळाले. एकाने ‘गवंडी’ लिहिले, दुसऱ्याने ‘मिस्त्री’, कारण कामावर वडिलांना सगळे मिस्त्रीच म्हणतात. लिपिकाने दोन्ही कागद शेजारी ठेवले, दोन्ही शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि ‘व्यवसाय जुळत नाही’ असा शेरा मारला. मिस्त्री सुतारही असतो, असे त्यांचे म्हणणे.

ते खोटे नाही. पण सुतार असते तरी वडील बांधकाम कामगारच ठरले असते. १९९६च्या केंद्रीय कायद्यातील व्याख्येत गवंडी हा शब्दच नव्हता. बांधकामावर मोबदल्यासाठी कुशल, अर्धकुशल किंवा अकुशल काम करणारा, एवढे तिला पुरत होते. मी ते पान छापून नेले, तेव्हा उत्तर मिळाले, ‘‘अर्जात रकाना व्यवसायाचा आहे, व्याख्येचा नाही.’’ या तीन हेलपाट्यांत वडिलांचे तीन खाडे झाले आणि तेवढी मजुरी बुडाली, याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी दुसऱ्या ठेकेदाराकडून ‘गवंडी’ असा नवा दाखला घेतला आणि अर्ज त्याच दिवशी स्वीकारला गेला. म्हणून दाखला लिहून घेतानाच शब्द सांगावा, आणि दिवसांच्या आकड्याबरोबर ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ असेही लिहून घ्यावे. वयाचे आधीच सांगायला हवे होते: नोंदणी १८ ते ६० या वयातच होते, आणि वडील ५८ वर्षांचे असल्यामुळेच माझा जीव टांगणीला लागला होता.

नूतनीकरणाला पुन्हा ९० दिवस दाखवावे लागतात, म्हणून वडील आता वहीत रोजचे काम टिपून ठेवतात. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी स्वतःच्या नावापुढे ‘मिस्त्री’ असेच लिहिले आहे.