बटणाला रेघ दिली आणि मार्जिन गेलं

आमच्या गावच्या वाचनालयासाठी मी जावा स्विंगमध्ये (जावा भाषेतला खिडक्या-बटणं बनवायचा संच) देवघेवीचा छोटा प्रोग्रॅम लिहितोय. काउंटरवर बसणाऱ्या काकांची नजर अधू झाली आहे. ते म्हणाले, "अरे, बटण कुठे संपतं तेच कळत नाही. जरा जाड रेघ ओढ की." मी बटणाची कड ठरवणाऱ्या सेटबॉर्डरला 2 पिक्सेलची काळी लाइनबॉर्डर, म्हणजे साधी रेघ, दिली.

रेघ आली, पण अक्षरं तिला जाऊन चिकटली. 'वर्गणी'चा रफार वरच्या रेघेला टेकलेला, 'नूतनीकरण'चा ऊकार खालच्या. काकांना वाचणं आणखीच कठीण झालं.

मग सेटमार्जिन, म्हणजे कड आणि अक्षरं यांमधली मोकळी जागा ठरवणं. 5 दिले, 10 दिले, 20 दिले. बटण तसूभर वाढेना. खिडकीत बटणांची जागा आणि आकार ठरवणाऱ्या लेआउट मॅनेजरवर संशय घेण्यात अख्खी दुपार गेली. शेवटी दोन आकडे छापून बघितले. ठरवलेलं मार्जिन सांगणारं गेटमार्जिन 20 म्हणत होतं, कड प्रत्यक्षात किती जागा घेते ते सांगणारं गेटइनसेट्स मात्र 2!

तिथे उलगडा झाला. मार्जिन बटणाने नीट जपून ठेवलं होतं, पण ते विचारणारं कोणी उरलं नव्हतं. मेटल लूक अँड फीलमध्ये (स्विंगच्या मूळ रूपड्यात) बटणाच्या मूळ बॉर्डरच्या पोटात एक मार्जिनबॉर्डर असते. तीच बटणाला मार्जिन विचारते आणि तेवढी जागा सोडते. मुळात वर-खाली 2, डावी-उजवीकडे 14. मी माझी रेघ लावली आणि ती बॉर्डर पोटातल्या मार्जिनबॉर्डरसकट गेली. लाइनबॉर्डरला फक्त स्वतःची जाडी ठाऊक.

मग दोन बॉर्डर एकात एक बसवणारी कंपाउंडबॉर्डर घेतली: बाहेर लाइनबॉर्डर, आत नुसती मोकळी जागा सोडणारी एम्प्टीबॉर्डर. एम्प्टीबॉर्डरचे आकडे वर, डावं, खाली, उजवं अशा क्रमाने द्यायचे. वेबपानं सजवायच्या सीएसएसची सवय असेल तर इथे जपा, तिथे वरनंतर उजवं येतं. मी वर 8, खाली 6 आणि बाजूंना 14 ठेवले. वेलांट्या-रफारांच्या आपल्या लिपीला वर-खाली 2 पिक्सेल पुरत नाहीत, असं माझं ठाम मत झालंय.

एक गोष्ट काकांमुळेच सापडली. पुस्तक निवडलं नसेल तर 'परत घ्या' बंद असतं. अक्षरं फिकी होतात, पण लाइनबॉर्डर काळीच राहते, म्हणून काका ते दाबतच राहिले. आता बटण बंद झालं की मी करड्या रेघेची बॉर्डर लावतो. जाडी दोन्हींची 2च ठेवली आहे, नाहीतर बटण लहान-मोठं होऊन शेजारचं सरकतं.