कितवा दिवस चाललाय? बागेच्या कामांसाठी ॲप निवडताना

द्राक्षबागेत तारीख कुणी विचारत नाही. 'कितवा दिवस चाललाय?' असं विचारतात, आणि तो दिवस ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून, म्हणजे फळासाठीच्या छाटणीपासून मोजतात. मखमलाबादला आमचे दोन प्लॉट आहेत, विहिरीजवळ थॉमसन आणि रस्त्याकडे शरद, या द्राक्षाच्या दोन जाती. छाटण्या मागेपुढे होतात, त्यामुळे एकीकडे फेलफूट, म्हणजे नको असलेल्या फुटी काढणं चालू असतं आणि दुसरीकडे अजून पेस्टिंगच, म्हणजे डोळे फुटावेत म्हणून काडीला औषध लावणं. शिवाय सोसायटीचा हप्ता, ड्रिपचे फिल्टर, मुलीची फी, औषधाच्या दुकानातली उधारी. हे सगळं डोक्यात घेऊन रात्री नीट झोप लागेना, म्हणून हंगामाआधी मी कामाच्या यादीची आणि टिपणांची ॲप एकेक करून वापरायला घेतली. परीक्षा बागेतच घ्यायची असं ठरवलं होतं: एका हातात कात्री, रेंज आली तर आली, आणि यादी घरातल्या तिघांना वाचता आली पाहिजे.

पहिलं गूगल कीप. ओळीतून चालताना जे दिसेल ते कीबोर्डचा माईक दाबून मराठीत बोलायचं, की टिपण तयार. 'तिसऱ्या ओळीत खालच्या पानांवर डाऊनीचे डाग' (डाऊनी हा बुरशीचा रोग), सोबत पानाचा फोटो. या कामात कीपला तोड नाही, असं मी आजही म्हणेन. अडचण येते ती महिन्याभराने शोधताना. 'भुरी' या दुसऱ्या रोगाचं नाव एकदा ऱ्हस्व आणि एकदा दीर्घ लिहिलं गेलं की शोधात निम्मीच टिपणं सापडतात. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक प्लॉटचं आणि प्रत्येक रोगाचं लेबल आधीच करून ठेवलं आणि टिपण बोलून झालं की लगेच लेबल लावायची सवय केली.

मग यादीची ॲप. टुडुइस्ट मी बराच काळ वापरलं. इंग्रजीत 'टुमारो सेव्हन एएम' लिहिलं की ते तारीख-वेळ आपोआप लावतं. मराठीतलं 'परवा सकाळी' त्याला कळत नाही, पण कामाचं नाव मराठीत चालतं. एकदा घरातले वडीलधारे नाना माझ्या खांद्यावरून बघत होते. म्हणाले, "आणि मधेच पाऊस आला तर? तुझी यादी काय करील?" प्रश्न अगदी नेमका होता. फवारणी पावसाने दोन दिवस पुढे गेली तर पुढचं अंतर प्रत्यक्ष फवारणीपासून मोजावं लागतं. टुडुइस्टमध्ये त्याची सोय आहे: 'एव्हरी' या शब्दाला लागूनच उद्गारचिन्ह टाकलं की पुढची तारीख काम पूर्ण केल्याच्या दिवसापासून धरली जाते, चिन्ह नसेल तर ठरलेल्या मूळ तारखेपासून. फिल्टर धुणं, सापळे बदलणं असल्या कामांना हे फार उपयोगी पडतं. एकट्याने सगळं बघणाऱ्या माणसाला मी हेच सुचवीन. मोफत खात्यात ५ प्रोजेक्ट मिळतात, तेवढे पुरतात.

आमच्याकडे मात्र मी, धाकटा भाऊ आणि बायको असे तिघं कामं वाटून घेतो, म्हणून रोजच्या यादीसाठी मायक्रोसॉफ्ट टू डू ठेवलं. यादी मोफत वाटता येते, काम कुणाचं ते नावानिशी लावता येतं आणि एका कामाच्या पोटात पायऱ्या लिहिता येतात. त्यातलं 'माय डे' दर मध्यरात्री रिकामं होतं. काल राहिलेलं काम आज पुन्हा ठरवून उचलावं लागतं, आणि मला ते आवडतं. सकाळी चहाबरोबर तिघांनी मिळून दिवस भरायचा, एवढ्याने फोनाफोनी पुष्कळ कमी झाली.

नोशनमध्ये तक्ते आणि सूत्रं जोडून हवं ते उभारता येतं, पण आमच्या भावासाठी ते फार होतं. शिवाय ऑफलाइन वापराची सोय त्यात २०२५ मध्ये आली. एव्हरनोटच्या मोफत खात्यावर डिसेंबर २०२३ मध्ये ५० टिपणं आणि एक वही अशी मर्यादा आली, हंगामाच्या नोंदींना ती पुरणार नाही. ऑब्सिडियनमध्ये टिपणं साध्या मजकुराच्या फाइली म्हणून आपल्याच फोनमध्ये राहतात. ही गोष्ट मी महत्त्वाची मानतो. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतलेलं वंडरलिस्ट मे २०२० मध्ये बंद झालं. आपल्या नोंदी बाहेर काढता येत नसतील तर ते ॲप कितीही सुबक असो, शेतकऱ्याने त्यात दहा वर्षांचा हिशेब ठेवू नये.

छाटणीच्या दिवसांचा प्रश्न शेवटी साध्या गूगल शीटने सोडवला. नानांच्या जुन्या डायऱ्या काढून बसलो. कोणत्या वर्षी छाटणी कधी, फेलफूट, डिपिंग (घड संजीवकात बुडवणं), थिनिंग (विरळणी), गर्डलिंग (खोडाची साल गोल काढणं) कितव्या दिवशी, सगळं त्यांनी पेन्सिलीने लिहिलेलं होतं. त्यावरून दोन्ही जातींचे दिवस ठरवले. शीटच्या एका चौकटीत छाटणीची तारीख, खाली कामं, शेजारी दिवस. तारीख अधिक दिवस केलं की कामाची तारीख तयार. हीच यादी सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याची फाइल करून कॉम्प्युटरवरून गूगल कॅलेंडरमध्ये आयात केली. प्रत्येक प्लॉटचं कॅलेंडर वेगळंच करा, कारण तारखा हलल्या तर ते पूर्ण पुसून नव्याने भरता येतं, घरचे वाढदिवस आणि हप्ते शाबूत राहतात. थंडीने फुटवा लांबला तेव्हा याचा फायदा कळला.

त्याच शीटच्या दुसऱ्या पानावर फवारणीची नोंद ठेवतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या संजीवकाच्या अवशेषांवरून आपली द्राक्षं युरोपात नाकारली गेली, ते वर्ष नाशिकचा बागायतदार विसरलेला नाही. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र शिफारशीतल्या औषधांची यादी काढतं, त्यात पीएचआय, म्हणजे शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस सोडायचे, तो आकडा असतो. मी तारीख, प्लॉट, औषध, घटक, प्रमाण, कारण आणि पीएचआय असे रकाने केले. पुढच्या रकान्यात फवारणीची तारीख अधिक पीएचआय. प्लॉटच्या या रकान्यातली सगळ्यात उशिराची तारीख 'मॅक्स' सूत्राने वर दिसते, आणि त्याआधी घड तोडायचा नाही. औषध दुकानातून आणायच्या आधी ते आज फवारलं तर काढणी कुठे जाईल, हे मी आता आकडा टाकून पाहतो. निर्यातीसाठी ग्रेपनेट या अपेडाच्या ऑनलाइन प्रणालीवर नोंदवलेल्या बागेला ही नोंद लागतेच. ती रोजच्या रोज भरलेली असली की कागद मागायला आलेल्या माणसासमोर डायऱ्या उलटाव्या लागत नाहीत.

मजुरांची हजेरी मात्र कागदी वहीतच आहे. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या टोळीचे मुकादम संध्याकाळी वहीवर सही करतात आणि आठवड्याचा हिशेब त्यावरच होतो. तो त्यांचाही पुरावा आहे, तो माझ्या एकट्याच्या फोनमध्ये जाऊ नये. वहीच्या पानाचा फोटो कीपमध्ये टाकतो, तेवढं पुरतं. सध्या एप्रिलच्या खरड छाटणीची, म्हणजे नव्या काड्या घेण्यासाठीच्या छाटणीची शीट चालू आहे. सबकेन (काडी खुडून बगलेतून नवी काडी घेणं) आणि शेंडा मारण्याचे दिवस नानांच्या डायरीत दोन्ही जातींना वेगळे आहेत, ते भरून झाले की कॅलेंडर भावाच्या फोनवर जाईल.