संध्याकाळी पूल ओलांडताना

नैऋत्य फ्रान्समधल्या बायॉन गावाचं रेल्वे स्टेशन जुन्या गावात नाही. गाडी अदूर नदीच्या अलीकडे, सँतेस्प्री नावाच्या वस्तीत थांबते. गावात जायचं तर पिशवी खांद्याला लावून लांबलचक पूल चालत ओलांडायचा. आम्ही, म्हणजे आई आणि मी, बोर्दोहून दोन तासांत पोचलो. खोली स्टेशनजवळच, एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी घेतली होती. चॉकलेटसाठी आलोय म्हटल्यावर बाई म्हणाल्या, "मग आधी आमची बाजू बघा. सगळे थेट पलीकडे पळतात."

त्यांच्या बाजूला चॉकलेटचं झगमगतं दुकान वगैरे नव्हतं. साधी घरं, 1837 साली बांधलेलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, एवढंच. पण फ्रान्समध्ये चॉकलेट बनवायचं कसब रुजलं ते इथल्या माणसांमुळे. स्पेनने 1492 साली ज्यूंना देशाबाहेर काढलं. पुष्कळजण पोर्तुगालात गेले, तिथे त्यांना सक्तीने ख्रिस्ती केलं गेलं आणि 1536 साली तिथेही इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, आलं. जीव वाचवत जे फ्रान्सच्या या टोकाला पोचले, त्यांतल्या काहींना कोकोच्या बियांचं चॉकलेट करता येत होतं. सतराव्या शतकात सँतेस्प्रीत त्यांनी ते सुरू केलं.

हे ऐकताना मला गोवा आठवला. तेच इन्क्विझिशन 1560 साली गोव्यात बसवलं गेलं. आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवर 1563 साली गोव्यात पुस्तक छापणारा वैद्य गार्सिया द ओर्ता अशाच ज्यू कुळातला. तो वारल्यावर बारा वर्षांनी, 1580 साली, त्याची हाडं उकरून जाळली. एका बाजूला पणजीजवळची मांडवी, दुसऱ्या बाजूला ही अदूर. माणसं मात्र एकाच भीतीने पळत होती.

पूल ओलांडला. पुढे नीव्ह ही दुसरी नदी लागते, तिच्या काठाने लाल-हिरव्या झडपांची उंच घरं. पोर-नफ रस्त्यावर कमानींच्या सावलीत चॉकलेटची जुनी दुकानं आहेत. आम्ही 1854 सालच्या काझनावमध्ये बसलो आणि फेसाळ चॉकलेट मागवलं.

तो कप मी विसरणार नाही. वर बोटभर उंचीचा तपकिरी फेस, कपाच्या काठाच्याही वर आलेला. सोबत वेगळ्या वाटीत घोटलेली साय आणि लोणी लावलेले भाजलेले पाव. फेस हाताने घुसळून आणलेला असतो. खाली चॉकलेट दाट, किंचित कडू. आईने शेजारच्या टेबलाकडे बघितलं आणि आपण चहात खारी बुडवतो तसा पाव सरळ कपात बुडवला. तिथली रीत तीच निघाली.

जवळच्याच एका दुकानात जुनी अवजारं मांडून ठेवली होती. मध्ये खोलगट, वाकडा दगड, पायांवर उभा. त्याच्याखाली निखारे ठेवायचे, म्हणजे वाटता वाटता कोकोतलं तूप सुटतं आणि कोरड्या बियांची ओली लगदी होते. कारागीर गुडघ्यांवर बसून दगडी लाटण्याने ती वाटायचा.

"पाटाच की हा," आई म्हणाली. मग तिचं लक्ष लाकडी दांडीकडे गेलं. खालचं टोक कोरीव, खाचाखाचांचं. "अगं, ही तर रवी!"

रवीच होती. दोन तळहातांत धरून फिरवायची, पेयावर फेस येईपर्यंत. दुकानातल्या मुलीला आईने हातवाऱ्यांनी ताक करून दाखवलं, तर ती मान डोलावत अगदी तसेच हात फिरवू लागली.

असाच दगड घेऊन सँतेस्प्रीचे ज्यू कारागीर सकाळी पूल ओलांडायचे, गावातल्या गिऱ्हाइकांच्या दारात कोको वाटून चॉकलेट करून द्यायचे आणि संध्याकाळी परत जायचे. पलीकडे राहायची त्यांना मुभा नव्हती. पुढे गावातले लोक त्यांच्याकडूनच धंदा शिकले आणि 1761 साली त्यांनी स्वतःचा संघ काढून ज्यूंना त्यातून वगळलं. बोर्दोच्या न्यायपीठाने तो संघ 1767 साली रद्द केला, याचं मला मनापासून समाधान वाटलं. फ्रान्समधल्या चॉकलेटची गोष्ट सांगताना राण्यांची नावं हमखास येतात: 1615 साली तेराव्या लुईशी लग्न झालेली आन, 1660 साली इथून जवळच्याच सँ-झाँ-द-ल्यूझमध्ये चौदाव्या लुईशी लग्न लागलेली मारी-तेरेझ. दोघी स्पेनच्या राजकन्या, चॉकलेटच्या शौकीन. त्यांचा मान आहेच. पण मला तो रोज पुलावरून जाणारा दगड जास्त मोठा वाटतो.

आम्हीही संध्याकाळी पूल ओलांडून परत आलो. बाई स्वयंपाकघरात मूस, म्हणजे चॉकलेटचा हलका, फेसाळ गोड पदार्थ, करत होत्या. घरोघरची कृती: 200 ग्रॅम गडद चॉकलेट, सहा अंडी, चिमूटभर मीठ. चॉकलेट वाफेवर वितळवून त्यात पिवळा बलक, मग घट्ट फेटलेलं पांढरं तीन वेळा करून घालायचं. ढवळायचं नाही, तळापासून उचलून हलकेच दुमडायचं, नाहीतर हवा निघून जाते. मग रात्रभर फ्रिजमध्ये.

आईला कच्चं अंडं चालत नाही. मी ते संकोचत सांगितलं. बाईंनी एक शब्द न बोलता दुसरं पातेलं काढलं. 200 ग्रॅम चॉकलेट, 180 मिलिलिटर पाणी, थोडी साखर, बस. ही युक्ती हेर्वे तीस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची. पाण्यात चॉकलेट वितळलं की ते पातेलं बर्फात ठेवून फेटत राहायचं. सायीतल्या स्निग्धांशासारखाच कोकोचा स्निग्धांश गार होताना हवेचे बुडबुडे धरून ठेवतो. मात्र चॉकलेटमध्ये कोको निदान सत्तर टक्के हवा.

पहिली चार-पाच मिनिटं ते नुसतं काळं पाणी होतं. मग चमच्यामागे रेघ उमटू लागली, रंग फिका झाला आणि बघता बघता ते सायीसारखं उभं राहिलं. बाई झटकन थांबल्या. एक क्षण जास्त फेटलं तर रवाळ होतं. तसं झालंच तर घाबरायचं नाही, पुन्हा वितळवायचं आणि पुन्हा फेटायचं. आईने पहिला चमचा खाल्ला, डोळे मिटले, आणि मग बाईंचा हात हातात घेऊन नुसती बसून राहिली.

पुण्याला आल्यावर तिसऱ्याच दिवशी ती तुळशीबागेत जाऊन नवी लाकडी रवी घेऊन आली. ताकाची घरात होतीच, पण तिला आंबूस वास असतो म्हणाली. नव्या रवीवर तिने खडूने खूण केली आहे आणि ती वेगळ्या खिळ्याला टांगली आहे.