तुम्ही विचारलंत म्हणून: पंचवीस मीटर कशाला?

"दहा मीटरला छान चाललं होतं की तुझं! मग हे पंचवीसचं खूळ कशाला?"

नेमबाजीच्या रेंजवर विचारून झालं, नणंदेच्या घरी विचारून झालं, एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा घालून विचारलं. तेव्हा बोलता आलं नाही, सुटले. एरवी मी काहीतरी ठोकून देते. कंटाळा आला होता म्हणते, नाहीतर राही सरनोबतचं नाव घेते. मी कोल्हापूरची, त्यामुळे ते कुणालाही पटतं. 2018 च्या एशियाडमध्ये तिनं शूट-ऑफ, म्हणजे बरोबरी सोडवायची जादा फेरी, खेळून पंचवीस मीटर पिस्तुलाचं सुवर्ण घेतलं, तेव्हा मी टीव्हीसमोर उभी होते हे खरं. पण त्यानंतर पाच वर्षं मी निमूटपणे दहा मीटरचं एअर पिस्तूलच चालवत होते, हेही खरं. तेव्हा कारण ते नाही.

कारण माझ्या डायरीत आहे. आम्ही नेमबाज डायरी लिहितो. माझ्या जुन्या डायरीत एका पानावर असं आहे: "आज 14 वेळा हात खाली आणला. एकही शंकेचा शॉट मारला नाही. शाबास." दहा मीटरला 60 शॉट आणि 75 मिनिटं असतात. साईट (पिस्तुलावरची नेम धरायची खूण) हलली, श्वास अडकला, शेजारी कुणी खोकलं, की हात खाली आणायचा आणि पुन्हा सुरुवात करायची. कुणी काही म्हणत नाही. उलट "शंका आली की हात खाली" हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवतात. मी ते इतकं छान शिकले की पुढे पुढे बरं चाललेलंही मला संशयास्पद वाटायला लागलं. शेवटच्या दहा मिनिटांत वीस शॉट उरायचे. डायरी शाबासकी देतच होती.

पंचवीसच्या मॅचचे दोन भाग: आधी सावकाश प्रिसिजन, मग झटपट रॅपिड. रॅपिडमध्ये ही सोय नाही. हात 45 अंशांत खाली, समोर लाल दिवा, सात सेकंद. मग हिरवा दिवा, तीन सेकंद. तेवढ्यात हात वर आणून एक शॉट मारायचा. पुन्हा लाल. असे पाच, की एक मालिका. मला वाटलं, हेच माझं औषध.

तुमच्यापैकी काहीजण म्हणतात की टार्गेट तर केवढं मोठं असतं! असतं. एअर पिस्तुलाचं दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटर, रॅपिडचं शंभर. पॅरिस ऑलिम्पिकला मनू भाकरचे प्रिसिजनचे 294 झाले आणि रॅपिडचे 296. मलाही हेच आकडे बघून धीर आला होता. पण आकडे तिचे होते.

आता ती मॅच. प्रिसिजन बरं गेलं, 271. पाच शॉटला पाच मिनिटं, म्हणजे माझ्या ओळखीचा मुलूख. पिस्तूल क्लबचं, पॉइंट टू-टू बोअरचं, ट्रिगर एक किलोचा, म्हणजे माझ्या एअर पिस्तुलाच्या दुप्पट; त्याचीही सवय झाली होती. रॅपिडच्या पहिल्या दोन मालिका थरथरत का होईना झाल्या. तिसऱ्या मालिकेचा चौथा शॉट. हिरवा दिवा लागला. हात वर आला. फ्रंट साईट खाचेत बसली, पण डावीकडे उजेडाची फट जरा जास्त होती. केसाएवढी. त्या टार्गेटवर ती नऊ झाली असती, फार तर आठ. आणि माझा हात खाली आला.

मी आणला नाही, आला. बोट ट्रिगरवरून सुटलंसुद्धा होतं. सगळं इतक्या शिस्तीत झालं की क्षणभर मला समाधान वाटलं, खरंच सांगते. मग समोर लाल दिवा दिसला. आजूबाजूच्या सगळ्यांचे शॉट झाले होते, बंदुकीच्या दारूचा वास तरंगत होता, आणि मी शहाण्यासारखी हात खाली घेऊन उभी. पाचवा शॉट घाबरून झटकला, सहा लागला.

मालिका संपल्यावर पिस्तूल रिकामं केलं तर आतून एक काडतूस निघालं. रेंज ऑफिसर मागे येऊन उभे राहिले. वयस्कर गृहस्थ, आवाज मऊ. "मॅडम, मालफंक्शन होतं का? तेव्हाच हात वर करायचा." त्यांनी जणू खुर्चीच पुढे केली होती. म्हटलं, "नाही सर. पिस्तूल ठीक आहे."

दहा मीटरला माझा वाईटात वाईट शॉट सातचा असायचा. शून्य मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. आणि ते न मारता मिळालं. परत आल्यावर क्लबच्या रजिस्टरात काडतुसांचा हिशोब लिहिताना "1 परत" अशी नोंद झाली. त्या शॉटचा कागदोपत्री पुरावा तेवढाच.

"मग सोडलं का नाहीस?" हा तुमचा पुढचा प्रश्न. सोडायला हवं होतं, असं आठवड्यातून दोनदा वाटतं. काडतुसं मोजून मिळतात, लेनसाठी थांबावं लागतं, आणि या वयात मी कुठल्या टीममध्ये जाणार आहे? तुमचं सगळं बरोबर आहे. फक्त "चांगलं चाललं होतं" एवढं म्हणू नका. ते चालणं किती वेळा थांबत होतं, ते मी मोजून लिहून ठेवलंय.

तरीही त्या डायरीवालीला मी भित्री म्हणायला गेले की ती माझ्यासमोर तिचे गुण ठेवते. ते आजच्या माझ्या गुणांपेक्षा जास्त आहेत. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

परवा पुन्हा एअर पिस्तुलाची मॅच होती. अडतिसावा शॉट. साईट डावीकडे, तीच केसाएवढी फट. वेळ भरपूर होता, हात खाली आणता आला असता. नाही आणला. मारला.

सात.